खाशाबांचा गुडघा आणि शॉकवेव्ह उपचारानंतरचा व्यायाम

पोलीस भरतीची चाहूल लागली की हिंगोलीच्या रस्त्यांवर पहाटे धावणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि राज्य राखीव पोलीस बलात जायचे असेल तर ५ किलोमीटर. राखीव बलाचा गट क्रमांक १२ आपल्या शहरातच असल्याने त्या ५ किलोमीटरची तयारी करणारी मुले इथे जरा जास्तच. दोन-तीन आठवड्यांत त्यांतली काही दवाखान्यात येतात. टाचेमागची शीर दुखते, गुडघ्याच्या वाटीखाली टोचते, जिना उतरता येत नाही. काहींनी नांदेडला जाऊन शॉकवेव्हच्या एक-दोन बैठका घेतलेल्या असतात, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. डॉक्टर, दुखणे कमी झाले आहे, उद्यापासून धावू का?

उद्यापासून नाही. पण खाटेवर पडूनही राहायचे नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते ते समजावताना मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगतो. तालमीत जाणाऱ्या मुलांना ते नाव माहीत असते, पदकही माहीत असते. त्यांच्या गुडघ्याचे मात्र फारसे कोणी बोलत नाही.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासूनच मुलाच्या अंगाला तालमीची माती लागली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, निरोप पोहोचवणे अशी कामेही या मुलाने केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आल्यावर बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्याकडे त्यांची कुस्ती घडली.

इथे पालकांसाठी थोडे थांबतो. पाचव्या वर्षी तालमीत जाणे वाईट नाही. लहान मुलाचे शरीर खेळातून, लोळण्यातून, हळूहळू वाढत्या श्रमातून तयार होते. पण १२ ते १५ वर्षांचा मुलगा गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवून इथेच दुखते म्हणतो, तेव्हा ते बहुतेक वेळा वाढत्या हाडाचे दुखणे असते. धावणे आणि बैठका काही आठवडे कमी केल्या, मांडीचे स्नायू ताणण्याचा व्यायाम दिला, की ते सावरते. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीच्या चकत्या उघड्या असतात आणि त्यांच्यावर शॉकवेव्ह देत नाहीत. मोठ्या भावाला फायदा झाला म्हणून धाकट्यालाही त्याच केंद्रात घेऊन जाऊ नका.

आता १९४८ कडे येऊ. लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि २२ वर्षांचे खाशाबा विलायतेला गेले. तोवरची त्यांची सगळी कुस्ती मातीतली. लंडनला पुढ्यात आली मॅट. नियम वेगळे, आणि पायाखालचा पृष्ठभागही वेगळा. अमेरिकेचे माजी मल्ल रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि सहावे आले.

पृष्ठभागाची ही बाब तुम्ही लक्षात ठेवा. माती पावलाखाली थोडी सरकते. पाय वळला तर मातीही जागा देते. मॅटवर पाय रुततो, तळवा पकडून बसतो आणि वळण्याचा सगळा जोर घोट्यावरून गुडघ्यावर जातो. खाशाबांचा ढाक प्रसिद्ध होता. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून, पाय रोवून, कंबर वळवून त्याला अंगावरून फेकायचे. असा डाव मातीवरून मॅटवर नेताना गुडघ्याला नवा हिशेब शिकावा लागतो. आपल्याकडच्या भरतीच्या मुलांचेही तेच होते. महिनाभर मऊ मैदानावर धावतात, मग वसमत रोडच्या डांबरावर उतरतात, किंवा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवे बूट घेतात. अंतर तेच असते, वेळही तीच असते, आणि तरीही टाच दुखू लागते. भार फक्त किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

मातीबद्दल एक अवांतर. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, लिंबू आणि हळद मिसळतात. हळदीच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांना त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. पण हळदीचा लेप कातडीखालच्या जाड शिरेपर्यंत पोहोचून तिला जोडत नाही. लेप लावल्याने बरे वाटते कारण तेवढे दिवस माणूस गप्प बसतो.

लंडनहून परतल्यावर खाशाबांनी चार वर्षे तयारी केली. वजनगट बदलला, फ्लायवेटवरून ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये आले. निवडीच्या वेळी मद्रासच्या स्पर्धेत अन्याय झाला असे त्यांना वाटले. ते गप्प बसले नाहीत, थेट पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली. पुन्हा लढत झाली आणि ती त्यांनी जिंकली. मग पैशांचा प्रश्न आला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, गावोगाव वर्गणी निघाली, आणि खाशाबा हेलसिंकीला पोहोचले.

तिथे त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढची कुस्ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशी होती. ती लांबली, दमवणारी झाली आणि खाशाबा हरले. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेले. ती कुस्ती संपते न संपते तोच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव यांच्याशी लढायला खाशाबांना बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम सांगायला, भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा मॅटवर उतरले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या नावावर कांस्यपदक लागले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, यावर कराड-कोल्हापूरकडची माणसे आजही तासन्तास बोलतात.

त्या अर्ध्या तासात शरीरात काय होते ते बघा. जोराच्या कुस्तीत स्नायूतला तत्काळ वापरायचा इंधनसाठा संपत आलेला असतो. काही मिनिटांची विश्रांती मिळाली तर तो बऱ्यापैकी भरतो, श्वास आणि ठोके खाली येतात, हातांची पकड परत येते. स्नायूला रक्ताचा भरपूर पुरवठा असतो, म्हणून तो असा पटकन सावरतो.

टेंडनचे तसे नाही. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. आपण बोलताना त्याला शीर म्हणतो, पुस्तकात कंडरा. त्याला रक्तपुरवठा कमी असतो आणि त्याचा कारभार संथ चालतो. तुम्ही जोरात धावलात किंवा खूप बैठका मारल्या की पहिल्या दिवसा-दीड दिवसात टेंडनमधले जुने कोलॅजन तंतू मोडण्याचे काम नवे तंतू विणण्याच्या पुढे असते. त्यानंतर विणकाम पुढे जाते आणि ते तिसऱ्या दिवसापर्यंत चालते. म्हणजे खाशाबांना जो अर्धा तास हवा होता, त्याच्या जागी टेंडनला दीड ते तीन दिवस हवे असतात. रोज सकाळी १६०० मीटर पूर्ण जोरात धावणारा मुलगा विणकाम सुरू व्हायच्या आधीच पुन्हा मोडतोड करतो. महिना-दोन महिने असे चालले की टेंडन जाड होतो, आतले तंतू विस्कटतात आणि दुखणे मुक्कामाला येते.

आता शॉकवेव्हकडे वळू. नावात शॉक आहे म्हणून बरेच जण विजेचा झटका समजून घाबरतात. हा करंट नव्हे. यंत्राच्या टोकातून दाबाच्या लाटा निघतात, जोरदार टकटक केल्यासारख्या, आणि त्या कातडीतून आत जातात. या तंत्राचा माणसांवरचा पहिला उपयोग फेब्रुवारी १९८० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे मूतखडा फोडण्यासाठी झाला. पुढे १९९० च्या दशकात खांद्यात साचलेला चुना, टाचेचे दुखणे, कोपराच्या बाहेरचे दुखणे यांवर तो होऊ लागला. मूतखड्यापेक्षा इथे जोर बराच कमी असतो आणि काही फोडायचेही नसते. जुन्या, रेंगाळलेल्या दुखण्याच्या जागी शरीराची दुरुस्ती पुन्हा सुरू व्हावी, बारीक रक्तवाहिन्या वाढाव्यात, हा हेतू. बहुधा आठवड्याला एक अशा ३ ते ५ बैठका होतात.

या लाटा दुखण्याची खबर देणाऱ्या बारीक मज्जातंतूंना काही काळ मंदही करतात. म्हणून काही रुग्णांना पहिल्या-दुसऱ्या बैठकीनंतरच हलके वाटते. सगळा गोंधळ इथून सुरू होतो. दुखणे आधी कमी होते, ताकद नंतर येते, आणि मधल्या काळात टेंडन मुका असतो. तो तक्रार करत नाही म्हणून तो बरा झाला असे नाही. खरा फायदा दिसायला शेवटच्या बैठकीनंतर ६ ते १२ आठवडे लागतात.

व्यायामाशिवाय नुसती शॉकवेव्ह घेण्यात किती अर्थ आहे? पोटरीच्या टेंडनबद्दल जर्मनीतील यान रोम्पे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. टाच हळू खाली सोडण्याचा व्यायाम एका गटाला दिला, दुसऱ्या गटाला तोच व्यायाम आणि जोडीला शॉकवेव्ह. चार महिन्यांनी नुसत्या व्यायामाच्या गटात ५६ टक्के, तर दोन्ही घेतलेल्या गटात ८२ टक्के रुग्ण पूर्ण बरे किंवा खूप सुधारलेले होते. उलट उदाहरणही सांगतो. नेदरलँड्समध्ये उड्या मारण्याचे खेळ खेळणाऱ्यांना गुडघ्याच्या टेंडनसाठी भर मोसमात, खेळ चालू ठेवून शॉकवेव्ह दिली. नकली यंत्र लावलेल्या खेळाडूंपेक्षा त्यांना जास्त फायदा झाला नाही. ही दोन्ही दुखणी वेगळी आहेत, एकाचा निकाल दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी माझे मत सांगतो. हजारो रुपये यंत्रावर घालायचे आणि व्यायामाला रोजची वीस मिनिटे द्यायची नाहीत, हा व्यवहार तोट्याचा आहे.

बैठक झाल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत जागा ठणकते, लालसर होते, कधी हिरवेनिळे पडते. हे चालते. चालणे-फिरणे, घरकाम, दुकानात बसणे चालू ठेवा. धावणे, उड्या, बैठका, कुस्ती, पोती उचलणे ४८ तास बंद. त्या जागेवर जोराची मालिश नको, वस्ताद कितीही जाणकार असला तरी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि बर्फ शक्यतो टाळायला सांगतात, कारण शॉकवेव्हने मुद्दाम जागवलेली दुरुस्तीच त्यांनी दबण्याची शक्यता असते. फार ठणकलेच तर आपल्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या. आणि गोळी घेऊन धावायचे तर मुळीच नाही.

तिसऱ्या दिवसापासून जागच्या जागी ताकद लावण्याचे व्यायाम. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर भिंतीला पाठ लावून अर्धवट बसा आणि ४५ सेकंद तसेच राहा. मध्ये दोन मिनिटे थांबून असे पाच वेळा. पोटरीची शीर दुखत असेल तर दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभे राहून तेवढाच वेळ. हे रोज चालते.

आठवड्याभराने संथ ताकद. इथे तालमीतल्या मुलांची सवय आड येते. त्यांना बैठक म्हणजे भराभर शेकडो मारायची एवढेच ठाऊक. टेंडनला मात्र संथपणा हवा. तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, सुरुवातीला अर्धीच बैठक, थोड्या संख्येने, आणि हळूहळू पाठीवर वजन. एक दिवस आड. टाचेसाठी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून वर उठायचे आणि टाच संथपणे खाली सोडायची. दुखणे टाचेच्या अगदी हाडालगत असेल तर पायरीखाली टाच नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. खाली नेल्यावर टेंडन हाडावर दाबला जातो आणि दुखणे चिडते. पुढची शॉकवेव्ह बैठक असेल त्या दिवशी व्यायाम आधी उरका. बैठकीनंतर पुन्हा ४८ तास जोराचे काही नको.

किती दुखले तर चालेल, हे तुम्ही स्वतः ठरवू शकता. शून्य म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन न होणारे. व्यायाम करताना ३ पर्यंत चालते. पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, अंथरुणातून उठल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत. काल सकाळइतकेच दुखते किंवा कमी आहे, तर कालचा व्यायाम बरोबर होता. जास्त दुखते, तर कालचा भार जास्त झाला. मग सगळे बंद करू नका, एक पायरी मागे या. ही सकाळची नोंद वहीत ठेवा. माझ्या अनुभवात वही ठेवणारी मुले वेळेत बरी होतात, तोंडी सांगणारी मुले जुन्याच जागी पुन्हा पुन्हा येतात.

साधारण सहाव्या आठवड्यापासून, दुखऱ्या पायावर एकट्याने २० वेळा टाच उचलता येत असेल आणि जागच्या जागी लंगडी घालताना टोचत नसेल, तर एक दिवस आड हळू धावणे. आधी एक मिनिट धावा, दोन मिनिटे चाला. जोरात धावणे, चढ, कुस्तीची जोड, मॅटवरचे डाव हे सगळे दहाव्या ते बाराव्या आठवड्याकडे. आधी अंतर वाढवा, वेग नंतर.

आता पुन्हा खाशाबांकडे. पदक घेऊन ते परतले तेव्हा कराड स्टेशनावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले असे सांगतात. मिरवणूक संपल्यावर काय उरले? प्राचार्यांचे गहाण पडलेले घर. खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून ते कर्ज फेडायला मदत केली. ऑलिंपिकहून आलेल्या खेळाडूला आज प्रशिक्षक काही आठवड्यांची सुटी देतात. खाशाबांच्या वाट्याला ती आली नाही.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. तिथेही स्पर्धा जिंकल्या, पोलिसांना कुस्ती शिकवली. नजर १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिककडे होती. वय तिशीचे, अनुभव भरपूर. त्याआधीच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकले. त्यानंतर ऑलिंपिकच्या मॅटवर ते पुन्हा उतरले नाहीत.

त्या काळी एमआरआय नव्हता. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया इथे कोणाला ठाऊक नव्हती. गुडघा बिघडला की विश्रांती, शेक, मालिश, पट्टा, आणि मग पुन्हा तालीम, एवढाच रस्ता. मुले मला विचारतात, तेव्हा शॉकवेव्ह असती तर? माझे उत्तर त्यांना आवडत नाही. गुडघा ही एकच वस्तू नाही. वाटीखालचा टेंडन झिजला असेल तर शॉकवेव्हचा विचार होतो. आतला लिगामेंट तुटला असेल, गादी फाटली असेल, तर हजार लाटा देऊनही ती जोडली जाणार नाही. पाय रोवून वळताना गुडघ्यात कट्ट झाले, तासाभरात तो टम्म सुजला, नंतर चालताना तो निसटतो किंवा अडकतो, अशी हकीकत असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. यंत्राची वेळ ठरवण्याआधी निदान ठरले पाहिजे.

भरतीच्या मुलांच्या नडगीचेही तसेच. नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागी दुखते, रात्री आडवे झाल्यावरही दुखते, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. तिथे दुखणे सोसून व्यायाम करण्याचा वर सांगितलेला नियम लागू नाही. धावणे त्याच दिवशी थांबवा आणि तपासून घ्या. पहिल्या एक्स-रेत असा तडा बऱ्याचदा दिसत नाही, हेही लक्षात असू द्या.

दवाखान्यात आल्यावर मी आणखी काही गोष्टी विचारतो, त्या आधीच सांगून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. गर्भ आहे का. त्या जागी जंतुसंसर्ग किंवा गाठ आहे का. गेल्या सहा आठवड्यांत तिथे स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले का. आणि एक प्रश्न ज्याचे लोकांना नवल वाटते: अलीकडे लघवीच्या किंवा पोटाच्या त्रासासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखे प्रतिजैविक घेतले का. या गटातल्या औषधांनी टेंडन दुखू शकतो, क्वचित तुटतो. वय ६० च्या पुढे असेल किंवा जोडीला स्टेरॉइडच्या गोळ्या असतील तर धोका वाढतो. मधुमेह असलेल्यांचे टेंडन सावकाश सावरतात. मोंढ्यात हळदीची पोती वाहणाऱ्या चाळिशीच्या माणसाचा खांदा महिनोन्‌महिने हटत नसेल तर मी आधी साखर तपासतो.

व्यायाम करताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटले, फट्ट आवाज झाला आणि त्यानंतर चवड्यावर उभे राहता येत नाही, तर टेंडन तुटलेला असू शकतो. तो दिवस वाट पाहण्याचा नव्हे. एकच पोटरी सुजून गरम व कडक झाली, ताप आला, पायात बधिरपणा राहिला, तरी त्याच दिवशी दाखवा.

खाशाबांनी पोलीस दलात २७ वर्षे काढली आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या ज्योतीदौडीत त्यांचा सहभाग होता. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीतील कुस्तीच्या संकुलाला त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरच्या त्यांच्या घराला लोक ऑलिंपिक निवास म्हणतात.

लंडन ते हेलसिंकी ही चार वर्षे खाशाबांनी तयारीला दिली होती. तुमच्या टेंडनला शेवटच्या बैठकीपासून १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस लागतील. कॅलेंडर घ्या, तारीख मोजा आणि भरतीची तारीख तिच्याशी ताडून बघा. भरती आधी येत असेल तर पहिल्याच भेटीत तसे सांगा. मग आपण ठरवू की यंत्राच्या बैठका आता घ्यायच्या की मैदानी चाचणी झाल्यावर, आणि तोवर कोणता व्यायाम चालू ठेवायचा. चाचणीच्या आदल्या आठवड्यात मात्र यंत्राखाली पाय ठेवायला जाऊ नका.